तासाच्या ठोक्याआधीचा आवाज

रविवार, १४ डिसेंबर २०२५. सकाळी सव्वासातला पिंपळगाव बसवंत येथील रविराज बोरस्ते यांच्या ईमेलवर फिनलंडहून एक ध्वनिफीत आली. लांबी दीड मिनिटाहून थोडी कमी. सोबत इंग्रजीत दोनच वाक्ये होती. या तुमच्या पत्नी आहेत का? खात्री झाली तर कळवा.

रविराजची पत्नी हेमलता २०१२ च्या पावसाळ्यात डेंग्यूने गेली. ती रेडिओवर निवेदिका होती. तिचा आवाज आज कुणाकडेही नाही.

जिचे कामच बोलण्याचे होते, तिचा आवाज उरू नये, हे पटकन खरे वाटत नाही. पण तसे झाले आहे. शेजारच्या जिल्ह्यातले मध्यम लहरींचे एक लहान केंद्र, जे आता बंद आहे, तिथे हेमलता महिन्यातले सहा दिवस एसटीने कामाला जाई. निवेदन थेट होई, त्यामुळे बोललेले हवेत जाई आणि संपे. ज्या कार्यक्रमांच्या फिती होत, त्या काही महिन्यांनी पुसून पुन्हा वापरल्या जात. लग्नाची सीडी घरात आहे, पण फोटोग्राफरने तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई आणि सिनेमाची गाणी चढवली आहेत. हेमलता उखाणा घेते तेव्हा तिचे ओठ हलतात आणि ऐकू सनई येते. तिचा साधा मोबाइल ती गेल्यावर वर्षभरात बिघडला. त्यात आवाज साठवायची सोय होती की नव्हती, हेही आता कुणाला आठवत नाही.

याच घरात माळ्यावर कॅसेटची खोकी रचून ठेवलेली आहेत.

रविराज द्राक्षांच्या एका शीतगृहात यंत्रांची देखभाल करतो. वय बावन्न. तरुणपणापासून त्याला लांबची रेडिओ केंद्रे ऐकायचा छंद आहे. या छंदाची माणसे जगभर आहेत. त्यांना कार्यक्रमाशी फारसे देणेघेणे नसते, अंतर महत्त्वाचे. हजारो किलोमीटरवरच्या एखाद्या बेटावरचे केंद्र खरखरीतून दोन मिनिटे वर येते आणि पुन्हा बुडते, त्या दोन मिनिटांसाठी ही माणसे महिनोन् महिने जागतात. मग आपण काय ऐकले ते केंद्राला लिहून कळवायचे. ते बरोबर असेल तर केंद्र तसे सांगणारे कार्ड पाठवते. यात फसवायला फार सोपे असते, म्हणून एकच नियम कडक पाळला जातो. स्वतःच्या कानांनी ऐकले तेवढेच लिहायचे. अंदाज लिहायचा नाही.

या छंदात जवळचे केंद्र ही कटकट असते. त्याच्या जोरापुढे आजूबाजूचे काही ऐकू येत नाही. हेमलताचे केंद्र रविराजसाठी तशी कटकट होती. त्याच लहरीवर स्पेनमधले एक केंद्र असे, आणि ते मिळवायचे तर हे बंद होण्याची वाट पाहावी लागे. आजचे कार्यक्रम संपले, असे हेमलता तिकडे सांगे, आणि इकडे रविराज रेकॉर्डरचे बटण दाबी. त्याआधी दाबत नसे. फीत वाया का घालवायची? आलेल्या-गेलेल्याला हेमलता हसत सांगे, "माझं केंद्र कधी बंद पडतं याची वाट बघणारा एकच श्रोता हाय, आणि त्यालाच मी डबा करून देते."

खोक्यांमध्ये स्पेन आहे, इराण आहे, कुठल्याशा बंदरासाठीचा वाऱ्याचा अंदाज आहे. हेमलता नाही.

आई गेली तेव्हा आरोही दोन वर्षांची होती. आता ती दहावीत आहे. ऑक्टोबरमध्ये तिने वडिलांना न विचारता लांबचे रेडिओ ऐकणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय गटावर प्रश्न टाकला. २०१२ च्या आधीचे भारतातले अमुक केंद्र कुणी मुद्रित केले आहे का? माझी आई तिथे बोलत असे. उत्तरासाठी तिने वडिलांचा ईमेल दिला होता.

रविराजला हे आवडले नव्हते. "आपण ऐकायचं असतं," तो तिला म्हणाला होता. "मागायचं नसतं."

"तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून मागावं लागतंय," आरोही म्हणाली होती, आणि त्या दिवसापुरता विषय तिथेच थांबला होता.

उत्तर आर्तो नावाच्या एका निवृत्त शिक्षकाने दिले. आर्तो आणि त्याचे मित्र दर हिवाळ्यात आळीपाळीने फिनलंडच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्या वरती, एका लाकडी खोपटात आठवडाभर राहतात. तिथे त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही आणि दूरच्या मध्यम लहरी दुपारपासूनच पोहोचू लागतात. भूर्जाच्या झाडांना बांधत नेलेली त्यांची एरियलची तार किलोमीटरभर लांब आहे. रेनडिअर ती तोडतात, आणि मग कुणीतरी बर्फातून जाऊन गाठ मारून येतो. २००९ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी मध्यम लहरींचा सगळा पट्टा, म्हणजे त्यावरची सगळी केंद्रे, एकदम संगणकावर उतरवून घेतला होता. त्या मुद्रणाच्या काही हार्ड डिस्क आर्तोच्या तळघरात होत्या.

सगळा पट्टा, पण सगळा वेळ नव्हे. डिस्कवर जागा कमी, म्हणून तेव्हा या लोकांची रीत अशी होती की प्रत्येक तासाच्या ठोक्याच्या आगेमागेचीच मिनिटे ठेवायची, कारण केंद्रे बहुधा त्याच वेळी आपले नाव सांगतात. मधले सगळे पुसायचे. संध्याकाळच्या पाळीत हेमलता तासन् तास बोलली असेल, तरी ठोक्याआधी जेवढे बोलली तेवढेच उरणार होते. रविराजला ही रीत नवी नव्हती. तोही तसेच करी.

रविवारी सकाळी त्याने हेडफोन लावून फीत ऐकली. आरोही खुर्चीमागे उभी होती.

"पप्पा, मला द्या ना."

"थांब."

"चार वेळा ऐकलंत."

"थांब म्हटलं ना, आरोही."

तिने हेडफोनची पिन उपसली, आणि खोलीत खरखर भरली. भरती-ओहोटीसारखी ती वरखाली होत होती. तिच्या तळाशी एका गाण्याचा शेवट होता. मग बाईचा आवाज. पहिले शब्द गेले. "...कळवणहून आणि सायखेड्याहून..." मग पुन्हा खरखर. मग एकदम, जणू कुणी दार उघडावे तसे, स्वच्छ ऐकू आले. "मंडळी, ही होती आजची शेवटची पसंती. आता बातम्यांची वेळ होते आहे." पुढे केंद्राचे नाव, पुन्हा धूसर. मग ठोके, आणि दिल्लीहून बातम्या देणाऱ्या पुरुषाचे पहिले वाक्य अर्ध्यावर तुटले. फीत तिथे संपली.

"आईच आहे," आरोही म्हणाली. "आहे ना?"

"केंद्र तेच आहे. तिकडचा तास म्हणजे आपल्याकडचा साडेचा ठोका, त्या हिशोबाने बातम्यांची वेळही जुळते."

"मी केंद्र विचारलं का तुम्हाला?"

"संध्याकाळच्या पाळीला दोघी असायच्या. एक तुझी आई, एक गायधनी म्हणून होत्या. कधी ही, कधी ती. आणि बातम्यांच्या आधी स्वतःचं नाव सांगत नसत."

"बायकोचा आवाज ओळखता येत नाही तुम्हाला? त्या स्पेनवाल्याचा खोकला ओळखता!"

रविराजने फीत पुन्हा सुरुवातीला नेली, पण लावली नाही. "घरात ती अशी बोलत नव्हती," तो म्हणाला.

"मग कशी?"

"सायखेड्याचं. लय, नाय, हाय. मांजरीला शिव्या घालायची, त्या तर तुला सांगताच येणार नाहीत."

"आणि रेडिओवर?"

"रेडिओवर मी शेवटचं वाक्य ऐकायचो. कार्यक्रम संपल्याचं. तेच एक."

आरोहीने फीत आपल्या फोनवर घेतली आणि तिला नाव दिले, आई. मग बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, "डिसेंबर दोन हजार नऊ. मी पुढच्या जूनची. म्हणजे मी पण तिथे होते, पप्पा. माईकसमोर."

रविराज उठून आंघोळीला गेला.

दुपारी दोघे मोटारसायकलवर सायखेड्याला गेले. ते हेमलताचे माहेर. शीतगृहाच्या कॉम्प्रेसरमुळे पिंपळगावात रेडिओवर नुसती घरघर येते, म्हणून लग्नाच्याही आधीपासून रविराज सायखेड्याला गोदावरीच्या काठच्या मळ्यात तार टाकायला येत असे. हेमलताशी ओळख त्या तारेमुळेच झाली. मळा आता तिचा चुलतभाऊ बहिरू पाहतो. तो बांधावरच भेटला.

"काय दाजी, आज तार नाय आणली?" तो म्हणाला. मग आरोहीकडे वळून, "तुझा बाप पहिल्यांदा आला ना, तवा गावाला वाटलं बोअरचं पाणी बघणारा हाय. चार जणांनी त्याला आपापल्या वावरात नेलं, च्या पाजला. हा गडी कुणाला नाय म्हनला नाय."

"मामा, आजी कुठंय?"

"वट्यावर. ऊन खाती."

कुसाबाई, हेमलताची आई, ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. कान शाबूत, डोळ्यांनी कमी दिसते. आरोहीने काही न सांगता फोन त्यांच्या कानाला लावला.

"चक्की चालू हाय का कुठं?" कुसाबाई म्हणाल्या.

"ती खरखर आहे, आजी. मधे बाई बोलते, तिच्याकडे ध्यान दे."

फीत संपली. कुसाबाईंनी परत लावायला सांगितली. दुसऱ्या वेळी त्यांनी फोन स्वतःच्या हाताने धरला, आणि संपल्यावरही तसाच धरून ठेवला.

"हेमाच हाय," त्या म्हणाल्या.

आरोही त्यांच्या गळ्यात पडली. रविराज ओट्याच्या पायरीपाशी उभा होता. त्याने विचारले, "आई, नक्की?"

"नक्की म्हंजी?"

"तुम्ही तिला रेडिओवर ऐकायच्या ना?"

"मी कवा ऐकनार? ती बोलायची तवा मी म्हशीखाली. सकाळी नदीवर बाया सांगायच्या, काल तुमची हेमा काय ग्वाड बोलली. त्येच माझं ऐकनं." कुसाबाईंनी फोन नातीकडे दिला. "जावईबापू, पोरीला 'हो' पायजे, तुम्हाला 'नाय' पायजे. मी एक म्हातारी दोन दोन कुठून बोलू?"

"मला 'नाही' नको आहे, आई."

"मग काय पायजे?"

रविराज मोटारसायकल काढायला वळला. परतताना आरोही मागच्या सीटवर इअरफोन लावून बसली होती.

सोमवारी रविराजने रजा घेतली. त्याने माळ्यावरची खोकी खाली काढली, जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त केला आणि एकेका कॅसेटची सुरुवात लावायला लागला. कधीतरी आपला हात घाईत लवकर पडला असेल, शेवटच्या वाक्याचा एखादा शब्द फितीवर आला असेल, एवढेच त्याला पाहायचे होते. तो शब्द मिळाला असता तर शेजारी ठेवून पडताळता आले असते. आरोही शाळेतून आली तेव्हा कॅसेट जमिनीवर पसरलेल्या होत्या. स्पेन प्रत्येक वेळी स्वच्छ सुरू होत होते. त्याच्या आधी काही नव्हते. बटण दाबण्यात तो एकदाही चुकला नव्हता.

"जेवलात का?" आरोहीने विचारले. त्याने मान हलवली. कुठल्या अर्थाने, ते तिला कळले नाही. तिने भाकरी आणि पिठल्याचे ताट आणून कॅसेटींमध्ये जागा करून ठेवले.

मंगळवारी तो नाशिकला गेला. निकिता गायधनी गंगापूर रोडला निवेदनाचे वर्ग घेते. बंद झालेल्या केंद्रावर ती हेमलतापेक्षा दहा वर्षांनी लहान, उमेदवार म्हणून लागली होती. वर्गाच्या मागे तिची ध्वनिमुद्रणाची एक छोटी खोली आहे. भिंतींना गाद्या लावलेल्या. तिथे तिने डोळे मिटून फीत ऐकली.

"मंडळी म्हणून जरा थांबायचं, ही हेमाताईंची लकब," ती म्हणाली.

"म्हणजे तीच."

"किंवा मी."

रविराजने खुर्ची पुढे ओढली.

"भाऊजी, मला शिकवलं कोणी? त्यांनीच. पहिली दोन वर्षं मी सरळ सरळ त्यांची नक्कल करत होते. ड्यूटीवरचे साहेब फोन करून मला म्हणायचे, हेमलताबाई, आवाज जरा वर घ्या. आम्ही दोघी पोट धरून हसायचो. स्वच्छ आवाजात कदाचित फरक कळला असता. या खरखरीत..." तिने हेडफोन टेबलावर ठेवले. "डिसेंबर नऊमध्ये दोघीही होतो. त्यांना उलट्यांचा त्रास व्हायचा, म्हणून काही संध्याकाळी मी त्यांच्याऐवजी बसले. कुठल्या, ते नाही आठवत."

"तुम्हाला मनातून काय वाटतं?"

"सकाळी विचारलंत तर त्या. संध्याकाळी विचारलंत तर मी." मग ती म्हणाली, "मी आरोहीला सांगते ना, हेमाताईच आहेत म्हणून. मला काही जड नाही. आता सांगते, लावा फोन."

"नको."

"का?"

"अंदाज नको." मग त्याने ज्यासाठी आला होता ते सांगितले. हेच वाक्य निकिताने आज म्हणावे आणि मुद्रित करून द्यावे. आर्तोच्या ओळखीत आवाज ताडून पाहणारा एकजण आहे. फीत धूसर आहे, सोळा वर्षांत आवाजही बदलतो, त्यामुळे छातीठोक काही मिळणार नाही. पण निकिता असण्याची शक्यता कितपत, एवढे तो सांगू शकेल.

"आणि ती मीच निघाले तर?"

"तर कळेल."

"कोणाला कळेल, भाऊजी? ती पोर आत्ता कुठे..."

"उद्या ती हे सगळ्यांना ऐकवणार. स्वतःच्या मुलांना ऐकवणार, ही तुमची आजी म्हणून. आणि बाई भलतीच असली तर?"

"भलती बाई म्हणजे मी," निकिता म्हणाली.

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"कळलं." तिने ओढणी सारखी केली. "म्हणते मी. पण तुम्हाला देणार नाही. आरोहीला पाठवणार. तिने ऐकावं, मग पुढे पाठवायचं की नाही ते तिने ठरवावं. चालत असेल तर बाहेर थांबा."

रविराज बाहेर जाऊन थांबला. दाराच्या काचेतून त्याला निकिता दिसत होती, ऐकू काही येत नव्हते. ती एकदा बोलली, थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा बोलली. दुसऱ्या वेळी तिने हात किंचित वर उचलला होता. हेमलता घरात काही समजावून सांगताना असाच हात उचलत असे, हे त्याला आठवले. पण हाताची ही सवय कुणाची कुणाला लागली असेल, हे काचेतून ठरवता येण्यासारखे नव्हते.

दुपारी निकिताने आरोहीच्या व्हॉट्सअॅपवर आपला आवाज पाठवला. खाली लिहिले : बाळा, मी निकितामावशी. तुझ्या आईने मला बोलायला शिकवले. हे तेच वाक्य माझ्या आवाजात आहे. ऐकायलाच हवे असे नाही.

तासाभराने उत्तर आले : थँक्यू मावशी. पुढे हात जोडल्याचे चिन्ह.

त्याच संध्याकाळी रविराजने आर्तोला लिहिले. केंद्र तेच आहे, याची खात्री देतो. निवेदिकेबद्दल आज काही सांगू शकत नाही. आर्तोने उलट कळवले की घाई नाही. त्याच्या एका दिवंगत मित्राच्या त्याच हिवाळ्यातल्या डिस्क मित्राच्या मुलीकडून त्याला मिळाल्या आहेत, पण त्यांतल्या दोन सुरूच होत नाहीत; तिसरी त्याने अजून लावून पाहिलेली नाही.

बुधवारी जेवताना रविराजने एकदा विषय काढला. "मावशीचं ऐकलंस?"

"बोर्डाची परीक्षा झाली की बघू," आरोही म्हणाली.

"पाच मिनिटांचंही काम नाही ते."

"पप्पा, तुम्ही इतकी वर्षं थांबलात ना? मग आता पण थांबा."

त्यानंतर घरात यावर बोलणे झालेले नाही. आरोही रोज सकाळी शाळेला निघण्याआधी चप्पल घालताना फीत ऐकते. ठोके सुरू होण्याच्या आत बंद करते. रविराजने कॅसेट खोक्यांत भरल्या आहेत, पण खोकी अजून माळ्यावर चढवलेली नाहीत. कुसाबाईंनी बहिरूच्या फोनवर फीत मागवून घेतली आहे, आणि तो म्हणतो, त्या ती गल्लीतल्या बायकांना ऐकवतात.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आवाज समोरच्याने ऐकला, की त्याच्या शेजारचे माईकचे चिन्ह निळे होते. शनिवारी, २० डिसेंबरला संध्याकाळी वर्ग सुटल्यावर निकिताने फोन उघडून पाहिला. संदेश पोहोचला होता. माईक राखाडीच होता.